मावशीचं तुमी

लग्न होऊन मी बोईसरला आले ती साताऱ्याकडून. नवरा इथल्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात पाळीच्या नोकरीला. काही वर्षं घर सांभाळण्यात गेली आणि मग मी पुन्हा विद्यापीठात नाव घातलं. पीएच.डी.चा विषय घेतला तो असा, की अनोळखी माणसं रोजच्या व्यवहारात एकमेकांना काय म्हणून बोलावतात आणि त्यामुळे पुढचं बोलणं कसं वळतं. नवरा म्हणाला, "यात शिकायचं काय?"

त्याला मी शेअर रिक्षात घेऊन बसले. स्टेशनपासून आमच्या वळणापर्यंत तोच रिक्षावाला साडीतल्या बाईला ताई म्हणाला, पंजाबी ड्रेसमधल्या मला मॅडम, आणि भाजीचं गाठोडं घेऊन चढणाऱ्या म्हातारीला "ए मौसी, सरक". मॅडमला सुट्टे नसले तरी चाललं, मौसीला मात्र ऐकून घ्यावं लागलं. नवऱ्याने पुन्हा विचारलं नाही.

आमच्या इमारतीत किनाऱ्यावरच्या मुरबे गावाहून एक मासळीवाली यायची. साठीच्या आसपासची, काळी-सावळी, आवाज खणखणीत. खाली पार्किंगच्या कट्ट्याशी टोपली टेकवून ती हाक द्यायची आणि आम्ही बायका ताटल्या घेऊन उतरायचो. मी तिला मावशी म्हणायचे, आणि जिभेला वळणच तसं असल्यामुळे तुम्ही म्हणायचे. ती पहिल्या दिवसापासून मला तू म्हणाली.

"निजली होतीस काय? बोंबील बघ कसे हायत. तुला साफ करून देते."

आमच्याकडे भाजीवालासुद्धा वहिनी म्हणून बोलतो. त्यामुळे पहिले दोन-चार दिवस ते तू कानाला टोचलं. मग तिच्या गावी जाणं-येणं झालं आणि समजलं, की तिथे सगळेच एकमेकांना तू म्हणतात. तिची सून तिला तू म्हणते आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पुढे पुढे मला ते तू आवडायला लागलं. माहेर सोडल्यापासून इतकं मोकळं मला कोणी बोललं नव्हतं.

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर सासूबाई गुडघ्यांच्या उपचारासाठी आमच्याकडे राहायला आल्या. त्या गावाकडच्या, कडक शिस्तीच्या. घरात नवऱ्याला अहो, जावेला जाऊबाई, आणि नातवालासुद्धा पाहुण्यांसमोर नीट नावाने हाक मारणाऱ्या. एके सकाळी त्या कठड्याला धरत धरत माझ्याबरोबर खाली उतरल्या. मावशी मला म्हणाली, "आज कोलंबी घे, काल तू मांदेली नेलीस."

सासूबाईंनी शांतपणे तिला थांबवलं. "बाई, एक सांगू? ही घरची सून आहे, शिकलेली आहे. तिला असं एकेरी नका बोलू. मानानं बोलावं."

मी ताटली घेऊन उभी. हाच तर माझा अभ्यास. पण परक्या माणसांसमोर सासूचं बोलणं खोडायचं नाही, हेही मी त्याच घरात शिकले होते. मावशीने दोघींकडे पाहिलं, रागावली नाही.

"बरा," ती म्हणाली. "तुमी सांगता तर तसा." मग माझ्याकडे वळून, "घ्या तुमी. कोलंबी देऊ तुमाला?"

आपल्याच घरात आपल्याला कोणी पाहुणी म्हणून पाट मांडावा, तसं मला झालं. त्यानंतर मासळी तशीच ताजी यायची, साफही करून मिळायची. पण मी निजले होते की काय, हे तिने पुन्हा विचारलं नाही. सुनेची तक्रार नाही, समुद्र कसा आहे ते नाही. तुमी म्हटल्यावर तिला माझ्याशी बोलायला मासळीशिवाय विषयच उरला नसावा.

थंडी पडायला लागली होती तेव्हा एका सकाळी गावाहून फोन आला. सासूबाईंची धाकटी बहीण झोपेतच गेली होती. नवरा पहिल्या पाळीला गेलेला. तो सुटून येईपर्यंत दुपार होणार, आणि इथून निघून मातीला पोहोचणं शक्यच नव्हतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसल्या. गुडघे दुखत असताना त्या जमिनीवर कशा बसल्या, कोण जाणे. मी चहा दिला तो तसाच राहिला. डोळ्यांत टिपूस नाही. मला त्यांच्याबद्दल भीती वाटायला लागली.

खालून मावशीची हाक आली. मी उतरले नाही म्हणून ती वर आली. दाराबाहेर टोपली ठेवून आत डोकावली आणि मला खुणेनेच विचारलं. मी हळूच सांगितलं. तिने हात धुवायला पाणी मागितलं. बाहेरच हात धुतले, पदराला पुसले आणि येऊन सासूबाईंच्या शेजारी भिंतीला टेकून बसली.

"मोठी की बारकी?" तिने विचारलं.

"बारकी," सासूबाई म्हणाल्या.

"तू खेलवलीस तिला?"

"कडेवर घेऊन हिंडायची मी. आईला शेतातून सवड नसायची."

"मग रड ना," मावशी म्हणाली. "कोनासाठी गप बसलीस तू?"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या काही बोलतील. त्यांनी मावशीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हुंदका फुटला. मावशी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बाहेर टोपलीतला बर्फ वितळून पाणी जिन्यावरून ओघळत होतं. तिकडे तिचं लक्ष नव्हतं. बऱ्याच वेळाने ती उठली, मला म्हणाली, "तिला जरा पेज करून द्या तुमी," आणि टोपली घेऊन उतरली.

गावी जाऊन दिवस करून सासूबाई परत आल्या, त्या मावशीची वाट पाहायला लागल्या. ती आली की वर बोलावायच्या. "अगं, बस की घटकाभर." मावशी त्यांना तू म्हणायची, त्याही तिला अगं-तुगं करायच्या. घाटावरची बोली आणि किनाऱ्यावरची बोली, अर्धंमुर्धं एकमेकींना कळायचं नाही. तरी सुकटीच्या चटणीवर त्यांचं तासभर चालायचं.

मला मात्र तुमी ते तुमीच. शेवटी मी विचारलं, "मावशी, आईंना तू आणि मला तुम्ही, हे कसं?"

"तिनाच सांगितला ना, सुनेला मान द्या म्हनून," ती म्हणाली. "आता ती माजी मैतरीन झाली. तिचा शबुद कसा मोडू?"

मी ते सासूबाईंना सांगितलं. वाटलं होतं, त्या हसतील आणि सोडवतील. त्या लसूण सोलत होत्या. जरा विचार करून म्हणाल्या, "राहू दे. मान दिला तर बिघडलं कुठं?"

माझ्या मार्गदर्शक बाईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी लिहून काढायला सांगितलं. मी दोघींची परवानगी घेऊन लिहिलं. मावशी म्हणाली, मासली चांगली असते तेपण लिवा.

उन्हाळा लागताना सासूबाई गावी गेल्या. मावशी अजून येते. परवा मी तापाने खाली उतरले नाही, तर वर येऊन दार वाजवलं. कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "तुमी येडी हाव का गो? अंग एवढं तापलंय, नि सांगत नाय." मग आत जाऊन पेजेसाठी गॅस पेटवला आणि मिठाची बरणी कुठे ठेवली आहे ते विचारलं.