होतकरू असल्याचा दाखला

खेड्यापाड्यांतल्या गरीब मुलांपर्यंत चांगलं शिक्षण पोहोचवणं, यासारखं दुसरं पुण्यकर्म नाही. आमच्या इमारतीत ते दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारची झोप झाल्यावर, चहा येईपर्यंत केलं जातं.

इमारत सदाशिव पेठेत आहे आणि तळमजल्यावर एका शिक्षणसंस्थेचं कार्यालय आहे. ही संस्था खेड्यातल्या मुलींसाठी पुण्यात एक लहानसं वसतिगृह चालवते आणि आठवीपासून त्यांच्या शिक्षणाचा भार उचलते. तिच्या निवड समितीवर मला घेतलं, तेव्हा अध्यक्षांनी माझ्या मराठीच्या अध्यापनाचा गौरव केला. खरं कारण असं, की आधीच्या सदस्यांना यायला रिक्षा मिळत नसे आणि मी वरच्याच मजल्यावर राहतो.

अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, कार्यवाह बाई मुख्याध्यापिका म्हणून. दोघंही माणसं वाईट नाहीत. ग्रामीण भागातलं शिक्षण प्रत्यक्ष पाहावं म्हणून ते एका हिवाळ्यात खेड्यात जाऊनही आले होते. त्या दौऱ्यातल्या हुरड्याचा विषय अजून बैठकीत निघतो. शाळेचा निघत नाही, कारण त्या दिवशी रविवार होता.

संस्थेची जाहिरात दरवर्षी तीच असते: ‘गरीब व होतकरू विद्यार्थिनींसाठी सुवर्णसंधी’. पुण्यात गरीब माणूस एकटा कधी छापून येत नाही, सोबत होतकरू लागतो. नुसताच गरीब असेल तर त्याच्यासाठी कुणी जाहिरात देत नाही. नुसता होतकरू असेल तर तो आपापला अमेरिकेला जातो. आयुष्यभर मराठी शिकवूनही हा शब्द मी जाहिरातीबाहेर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

गेल्या वर्षी मुलाखतींना एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. गाव मुळशीच्या पलीकडे, डोंगरात. गावातली शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल तालुक्याला आणि तालुक्याची एसटी एकच, तीही दुपारी. थोरली मुलगी याच कारणानं सातवीनंतर घरी बसली आणि दोन वर्षांत तिचं लग्न लागलं. हे बाईंनी रडत वगैरे सांगितलं नाही, गाडी का चुकली ते सांगावं तसं सांगितलं. धाकटीला इथे जागा मिळाली तर ठीक, नाहीतर तिचंही तेच होणार होतं.

मुलगी बुटकी आणि सावध होती. मोठी होऊन कोण होणार, असं अध्यक्षांनी विचारलं. या प्रश्नाचं उत्तर कलेक्टर असं असतं आणि बाहेर बसलेल्या सगळ्या मुलींना ते माहीत असतं. ही म्हणाली, “आधी आठवी होऊ द्या.”

अध्यक्षांना ते उद्धट वाटलं, मला बरं वाटलं. दोघांनीही चेहऱ्यावर दाखवलं नाही. गणितं तिनं सोडवली. एक धडा वाचला, ‘ण’च्या जागी सगळीकडे ‘न’ म्हणत, पण न अडखळता. कार्यवाह बाईंनी ‘न’ ऐकून डोळे मिटून घेतले. मग त्या आईकडे वळल्या. संस्थेच्या नियमानुसार जाहिरातीतल्या दोन्ही अटींबद्दल पालकांना समोरासमोर विचारावं लागतं. गरीब आहात का, असं विचारल्यावर आईनं मान डोलावली. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

“आणि होतकरू?”

आईनं मुलीकडे पाहिलं. मुलीनं खांदे उडवले. मग ठरवून, एकेक शब्द नीट उचलून, आई म्हणाली, “न्हाई बाई. आमी होतकरू न्हाई. आमच्या गावात होतकरूचं एक घर न्हाई. पल्याडच्या वाडीत असतील तर म्हाईत न्हाई. खोटं कशाला सांगू?”

अध्यक्षांनी तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. ती मुलीला घेऊन बाहेर गेली आणि कार्यवाह बाईंनी लिहून घेतलं, की पालकांनी स्वतःच पाल्य होतकरू नसल्याचं सांगितलं आहे.

मी म्हणालो, अहो, तिला ती जात वाटली. वाडीत असतील म्हणतेय. अजून बाहेर चपला घालत असेल, आत बोलवा आणि नीट विचारा. अध्यक्ष म्हणाले, मुलाखत झालेल्या उमेदवारांनी पुन्हा आत येऊ नये, अशी पाटी आपणच दारावर लावली आहे. एकीला बोलावलं तर उद्या सगळ्या येतील. मी म्हणालो, सगळ्या स्वतःला होतकरू नाही म्हणाल्यात का? त्यावर चहा आला.

चहानंतर माणसं थोडी मवाळ होतात. शेवटी असं ठरलं, की पालकांचं म्हणणं खोडायचं तर तसा लेखी आधार हवा. मुख्याध्यापकांकडून मुलगी होतकरू असल्याचा दाखला आणावा, मग विचार करू. कार्यवाह बाईंनी दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. त्या कमी शब्दांत बोलतात आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. त्यामुळे फोनवर मुख्याध्यापक राहून गेले. होतकरू असल्याचा दाखला आणा, एवढंच सांगितलं गेलं.

माझा नंबर मी आईला मुलाखतीआधी, बाहेर बाकावर दिला होता. तीनेक आठवडे काहीच कळलं नाही. मग एका दुपारी फोन आला. मागे बरीच गर्दी बोलत होती. ती तहसील कचेरीत होती, तिसऱ्यांदा.

“सर, ते म्हनतात होतकरू यादीतच न्हाई,” ती म्हणाली. कारकुनानं सगळ्या याद्या उघडून पाहिल्या होत्या. माणूस चांगला होता, हाकलून दिलं नाही. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर तशी नोंद असेल तर तो घेऊन या, प्रकरण वर पाठवतो, म्हणाला. “आता आमचा आजा शाळंत गेलाच न्हाई, तर त्याच्या दाखल्यावर होतकरू कुटनं आनू?”

मी तिला शब्दाचा अर्थ सांगितला. मराठीचा इतका निकडीचा तास मी पूर्वी कधी घेतला नव्हता.

“म्हंजी पोरीचं फुडं काई चांगलं व्हईल का, येवडंच?”

“एवढंच.”

“मग तसं इचारायचं की, सर. मला वाटलं, जातच इचारत्यात. पुन्यातली शिकलेली मानसं सरळ इचारत न्हाईत, म्हनून फिरवून इचारत असतील.”

दाखला शाळेच्या मुख्याध्यापकांकडून आणायचा, हे मी तिला सांगितलं. तिनं लगेच फोन ठेवला. तिला गावाकडची एसटी धरायची होती.

मुख्याध्यापकांनी दाखला लगेच दिला. तो पुढच्या दुसऱ्या शनिवारी समितीसमोर आला आणि एकमतानं मंजूर झाला. मुलगी होतकरू असल्याबद्दल अध्यक्षांनी समाधान व्यक्त केलं. तोवर शाळा सुरू होऊन वसतिगृहाचे प्रवेश बंद झाले होते, म्हणून तिची जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायचं ठरलं. मी म्हणालो, पुढच्या वर्षी ती नववीत असेल आणि आपण प्रवेश आठवीला देतो. अध्यक्षांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, मग तिला हे वर्ष घरी बसायला सांगा.

मुलींच्या शिक्षणात खंड पडू नये, हे संस्थेचं पहिलं उद्दिष्ट भिंतीवर त्यांच्या डोक्यामागेच लावलेलं आहे. त्यांची पाठ तिकडे असते.

निरोप द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी फोन केला, तेव्हा आई म्हणाली, पोरगी शाळंत गेलीय. गावातून पहाटे दुधाचा टेम्पो तालुक्याला जातो. त्यात कॅनच्या मधे बसून ती जाते आणि येताना दुपारची एसटी परत फिरते तीत बसते. टेम्पो फार लवकर पोचतो, त्यामुळे फाटक उघडेपर्यंत ती हायस्कूलच्या पायरीवर बसून असते. एसटी शाळा सुटायच्या आधीच परत फिरते, म्हणून शेवटचे दोन तास बुडतात. त्यात एक इंग्रजीचा असतो. बाकी बरं चाललंय, आई म्हणाली.

वसतिगृहातली तिची खाट अजून राखीव आहे. सध्या तिच्यावर संस्थेच्या स्मरणिकेचे गठ्ठे ठेवले आहेत, कारण जमिनीवर ओल येते.