शालनच्या हातचं पीयूसी

आमची शालन कर्वेनगरात पीयूसी सेंटर चालवते. सेंटर कसलं, रस्त्याच्या कडेला एक व्हॅन, आत धूर तपासायचं मशीन. सायलेन्सरात नळी घातल्याशिवाय तिच्या हातून सर्टिफिकेट निघत नाही, बारा वर्षं झाली. माझ्या सख्ख्या भावाचा टेम्पो तिनं नापास केला, तर दोन वर्षं तो आमच्याकडं जेवायला आला नाही. हिला काही फरक पडला नाही.

मी हिंदुराव, तिचा नवरा. शेताच्या इमारती झाल्या तेव्हा हौसेनं मोठी डिझेल गाडी घेतली. सात माणसं भरून दिवे घाट चढताना दम लागत नाही तिला, हाच काय तो आपला रुबाब.

तर कंपनीचं पत्र आलं. तुमची गाडी पळताना ठरल्यापेक्षा जास्त घाण हवेत सोडते, सॉफ्टवेअर फुकट बदलून देऊ. दोस्त म्हणाले, नादी लागू नको, पिकअप मरतो. सक्ती थोडीच होती? पत्र कपाटात टाकलं.

पुढच्या महिन्यात गाडीचं पीयूसी संपलं. शालन म्हणाली, आधी अपडेट, मग सर्टिफिकेट. मी म्हटलं, अगं, उभ्या गाडीत काही सापडत नाही, मशीन पासच करणार.

"करेल की," ती म्हणाली. "पण पत्र मी वाचलंय."

माझं डोकं सणकलं. तिरीमिरीत दुसऱ्या सेंटरवर गेलो. तिथल्या माणसानं नंबरप्लेटचा फोटो काढला, नळीला हातसुद्धा लावला नाही, दोन मिनिटांत सर्टिफिकेट हातात. केवढा तीर मारला असं वाटलं मला.

दोन दिवसांनी तिचा डबा द्यायला गेलो. नापास झालेला एक रिक्षावाला तिच्यावर तावातावानं बोलत होता. "तुमच्या मालकांना परवा तिकडं बघितलं मी, न तपासता कागद घेताना. नळी फक्त आमच्याच नशिबात का?"

सगळे ऐकत होते. अरेला कारे करणारी माझी बायको मान खाली घालून नळी पुसत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं बारा वर्षं राखलेलं नाव मी मूर्खानं दोन मिनिटांत मातीत घातलं होतं.

तिथून थेट सर्व्हिस सेंटर गाठलं आणि अपडेट करून घेतलं. खोटं कशाला बोलू, गाडी आता पहिल्यासारखी झेपावत नाही. चालायचंच.

दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी गाडी तिच्या व्हॅनपुढं रांगेत लावली. खाली उतरलो आणि ते फुकाचं सर्टिफिकेट सगळ्यांदेखत फाडलं. शालननं एकदाच वर बघितलं. डोळे भरले होते तिचे, पण पुढं ये म्हणाली नाही. माझ्या आधी चार गाड्या होत्या.

मागच्या स्कूटरवरचे आजोबा म्हणाले, "घरचंच सेंटर ना? मग रांगेत उभं राहायची हौस म्हणायची का आपली?"

"शालनबाईंचा नवरा हाय मी," मी म्हणालो. "म्हणून तर रांगेत हाय."