चिंचेने घासलेलं मस्तक

पहिल्या दिवसापासूनच माझा त्या माणसावर विश्वास नव्हता. स्टुटगार्टमध्ये जुन्या आफ्रिकन मूर्तींचा व्यापार करायचा, आणि बोलणं इतकं गोड की संशयच यावा. पण इथे फोटोग्राफर म्हणून मला मिळालेलं ते पहिलंच काम. नाही कसं म्हणणार? पश्चिम आफ्रिकेतलं ब्राँझचं एक मस्तक होतं, म्हणे शेकडो वर्षांचं. कॅटलॉगसाठी चारी बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी. मूर्ती आली कुठून, असं विचारलं तर "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणत नुसता हसला. हे काय उत्तर झालं?

मस्तक घरी आणून फोटो काढले, ते टेबलावर ठेवलं आणि लेकीला किटामधून, म्हणजे पाळणाघरातून, आणायला गेले. परत येऊन बघते तर पुण्याहून आलेल्या सासूबाई सिंकपाशी, हातात चिंच, आणि मस्तक लख्ख पिवळं!

"अहो आई, काय केलंत हे!"

"अगं, किती कळकट झालं होतं! दुसऱ्याची वस्तू अशी परत करायची का?"

काम तर गेलंच, वर तो व्यापारी मला कोर्टात खेचणार. आईंचा चेहरा एवढासा झाला, तरी मी ओरडतच होते. सिंकमध्ये तपकिरी पाणी साचलं होतं. वाकून बघितलं तर बुटाच्या पॉलिशचा वास. माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी मस्तक त्या व्यापाऱ्यापुढे ठेवलं. तो चिडला नाही, कपाळाला हातसुद्धा लावला नाही.

"आल्झो, तर मग, काही हरकत नाही. रंग पुन्हा चढेल. फोटो आधीच काढलेत ना?"

"काढलेत."

"मग झालं तर! गिऱ्हाईक लांबचं आहे, फोटो बघूनच घेणार. खाली तुमचं नाव टाकू."

एवढी जुनी वस्तू घासून निघाली आणि ह्याला काहीच वाटू नये? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे पॉलिश फासलेलं नवं मस्तक जुनं म्हणून खपवून, माझ्या नावावर हा गिऱ्हाइकाला टोपी घालणार होता!

"देते," मी म्हटलं, "पण घासल्यानंतरचेही काढते. दोन्ही एकत्र छापा."

"नंतरचे नकोत."

"मग आधीचेही मिळणार नाहीत."

मूर्ती घासली म्हणून ब्र न काढणारा तो माणूस तेव्हा पहिल्यांदा माझ्यावर ओरडला.