तीन भिंतींच्या घरात आई

माझा मित्र मुंबईत काही वर्षं विनोदी मालिकांच्या सेटवर सहायक होता. लातूरला परत आला आणि म्हणाला, "आपण इथंच मालिका करू, यूट्यूबवर टाकू. जोक तू लिही."

औसा रोडवर एक रिकामं गोदाम मिळालं. तिथं प्लायवूडच्या तीन भिंती उभ्या राहिल्या. मधोमध सोफा, मागं स्वयंपाकघर. चौथ्या भिंतीच्या जागी ओळीनं तीन कॅमेरे आणि त्यांच्या मागं खुर्च्यांवर आमचेच नातेवाईक. त्यांनी हसायचं आणि ते हसणं रेकॉर्ड करायचं. वरून लाईट असे सोडलेले की सावली औषधाला सापडू नये.

"एवढा उजेड कुणाच्या घरात असतो?" मी विचारलं.

"तीन कॅमेरे एकदम चालणार. कुठूनही बघितलं तरी तोंड दिसलं पाहिजे. अन् जेवायला सगळे टेबलाच्या एकाच बाजूला बसणार. कॅमेऱ्याकडं पाठ करायची न्हाई."

मालिकेतली आई नांदेडहून येणार होती, नाटकात कामं करणारी बाई. शूटिंगच्या सकाळीच तिचा फोन आला, ताप भरलाय. माझी आई प्रेक्षकांत पहिल्या खुर्चीवर बसली होती. मित्रानं तिच्याकडं पाहिलं.

"काकू, तुम्हीच चला."

"मला न्हाई बाबा जमायचं," म्हणत ती उठलीसुद्धा आणि पदर सारखा करत सेटवर गेली.

प्रसंग साधा होता. आईनं मेथी निवडता निवडता पोराला बोलायचं. आईनं परात घेतली आणि सरळ खाली फतकल मारली. कॅमेरे उभ्या माणसाच्या छातीएवढे उंच. पडद्यावर रिकामा सोफा आणि खालच्या कडेला तिचा अंबाडा.

"काकू, सोफ्यावर बसा."

"अन् माती सांडू सोफ्यावर?"

"मग उभ्यानं करा."

"उभ्यानं मेथी निवडणारी बाई तू कुठं बघितलीस रे?"

खुर्च्यांवर हशा पिकला. माझ्या जोकला इतकं कुणी हसलं नव्हतं. खरं सांगतो, मला जरा लागलंच.

मित्रानं कॅमेरे स्टँडवरून काढून विटांवर ठेवले. आई दिसायला लागली, पण आता भिंतींच्या वरचे गोदामाचे पत्रेही दिसत होते, वर एक कबुतर. म्हणून मांडववाल्याकडून कापड आणून छत ताणलं. छतानं वरचे लाईट अडवले आणि घरात अंधार झाला. मित्रानं डोकं धरलं. शेवटी खोट्या खिडकीच्या बाहेर एकच मोठा लाईट लावला.

तिरपा उजेड आईच्या गालावर आणि मेथीवर पडला. बाकी अर्धी खोली सावलीत. प्लायवूडची भिंत एकदम जुनी, वापरातली वाटायला लागली.

"आता कसं घरासारखं दिसायलंय," निलंग्याची मावशी हळूच म्हणाली.

पण हा उजेड एकाच कॅमेऱ्याला मानवणारा होता. त्यामुळं प्रत्येक वाक्य वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा पुन्हा घ्यावं लागलं. पहिल्यांदा नातेवाईक हसले, दुसऱ्यांदा त्यांनी स्मित केलं, तिसऱ्यांदा ते चहाला गेले. वापरण्याजोगं हसणं रेकॉर्ड झालंच नाही. त्याच्याशिवाय माझे जोक अगदी उघडे पडले. अर्धे मीच कापले. आईची कुरकुर तेवढी राहू दिली.

भाग टाकला तसा शिरूर अनंतपाळहून आत्याचा फोन आला. "लई चांगलं झालंय. पण लाईट गेल्ती का रे?"

नांदेडची बाई बरी होऊन आली, तेव्हा मित्राची पंचाईत झाली. तिला शेजारीण केलं. ती बिचारी तयारीची नटी, आईसमोर खाली बसून लसूण सोलत भांडू लागली आणि दोघींचं भलतंच जमलं.

आईनं तो पहिला भाग मोबाईलवर बघितला.

"मी एवढी रागीट दिसते?"

"हाव," बाबा म्हणाले.

ती फणकाऱ्यानं आत गेली. दुपारी मात्र आमच्या खऱ्या शेजारणीला बोलावून, आवाज मोठा करून, तोच भाग लावून बसली होती.