पंडितच्या कमरेचं यंत्र

तर काल सांगत होतो तिथूनच. पंडित पार्सलपुढं वाकला आणि वाकलेलाच राहिला. अश्विनीला, म्हणजे यंत्र घेऊन आलेल्या इंजिनियर पोरीला वाटलं, मोटार अडकली. तिनं बॅटरी तपासली, पट्टे ढिले केले. मी चहाचा ग्लास धरून बाजूला उभा, हसू आवरेना. मोटार ठणठणीत होती. पंडित सवयीनं वाट बघत होता, कुणीतरी पार्सल पाठीवर चढवून देईल म्हणून.

पंडित आमच्या सुरतेच्या कापड मार्केटातला हमाल, मूळचा पारोळ्याकडचा. गोडादऱ्याच्या वस्तीत माझ्या शेजारच्या खोलीत एकटाच राहतो. बायको कलाबाई वारली, मुलगी सासरी. साड्यांचं पार्सल म्हणजे एकानं वाकायचं, दुसऱ्यानं चढवायचं. इतकी वर्षं चढवायला मारुती होता. तो दर खेपेला म्हणायचा, "चल, तुझ्या सासूपेक्षा हलकंय." पंडित हसायचा आणि हसता हसता ओझं वर गेलेलं असायचं. यंदा मारुतीची कंबर गेली, तो गावी परतला. मुकादमानं पंडितला सांगून टाकलं, जोडीदार आण नाहीतर घरी बस. पन्नाशी उलटलेल्याशी जोडी कोण लावणार? आणि घर म्हणाल तर गावाकडं कुलूप.

तेवढ्यात हे यंत्र चाचणीला आलं. माझी नात धनश्री सिनेमे दाखवते ना, लोखंडी कपडे चढवून माणूस आभाळात उडतो, तसलं काही असेल असं मला वाटलेलं. निघालं दप्तरासारखं. कमरेला मोटारी, मांड्यांना पट्टे. माणूस वाकला की त्याला कळतं, उठताना मागून ओढून धरतं. अश्विनी म्हणाली, परदेशात सुरुवातीला केलेलं असं एक यंत्र म्हशीहून जड होतं, ते पूर्ण चढवून बघायची कुणाची छाती झाली नाही. तिथून झिजत झिजत ते एवढं झालं. मी तर खूश. सगळ्या गल्लीला तेच सांगत हिंडलो.

पंडित शिकला. पार्सल पोटाशी धरून एकटाच उचलू लागला. मुकादमाची कुरकुर थांबली. पण पंडित चहाला येईना. बाकीचे हमाल जोडीजोडीनं बसून एकमेकांची टर उडवायचे, हा कोपऱ्यात बॅटरी चार्ज होताना बघत बसायचा. संध्याकाळी खोलीचं दार लावून घ्यायचा. एकदा मीच मारुतीचा आवाज काढून ते सासूचं बोललो. तो हसला नाही. म्हणाला, जेवलात का आबा.

परवा अश्विनी पुन्हा आली. चाचणी संपली होती. यंत्र ठेवायचं की परत न्यायचं, आणि पुढच्यात काय सुधारायचं, असं तिनं पंडितलाच विचारलं. मुकादम कान देऊन उभा होता; नको म्हटलं असतं तर काम गेलंच होतं. पंडित पट्ट्याशी चाळा करत म्हणाला,

"ठेवा ताई, काम तर पाहिजे. पण दोघांनी मिळून घालायचं एखादं निघालं, तर आधी मला सांगा."