कापलेल्या कडा

आजोबांनी प्रवचनं लिहिली, वडिलांनी ती वाचता वाचता कडेला टिपणं केली, आणि थोरल्याने त्या वह्यांना हातही लावला नाही. "तुमची प्रवचनं पोट भरलेल्यांसाठी," असं वडिलांना तोंडावर सुनावून तो बाहेर पडला आणि बाइंडर झाला. युनियनच्या सभेत मालकाला घाम फोडायचा, पण वडिलांचं प्रवचन ऐकायला ते असेपर्यंत एकदाही फिरकला नाही.

वडिलांनंतर प्रवचनाचं काम धाकट्या बहिणीकडे आलं. वह्यांची शिवण उसवली होती, पानं सुटली होती.

"दादा, एवढ्या बांधून दे."

"देतो. वाच म्हणू नकोस."

"तू वाचलंस तर छप्पर कोसळेल," ती हसली.

काम त्याने चोख केलं. पानं शिवली, पाठीला सरस लावला आणि हाताच्या सवयीने गठ्ठा कटिंग मशीनखाली सरकवून तिन्ही बाजू साफ केल्या. कातरण पोत्यात गेली, पोतं रद्दीवाल्याकडे.

पहिल्या प्रवचनाच्या सकाळी त्याने वह्या नेऊन दिल्या. बहिणीने एक उघडली, पानाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"बाबांचं लिहिलेलं कुठंय?"

त्याने वाकून पाहिलं. कडेला अक्षरांची नुसती शेपटं उरली होती.

"कडेला लिहितं का कोणी?" तो खेकसला.

"तेवढीच जागा होती, दादा. बाकीची आजोबांनी भरली होती."

बाहेर लोक येऊन बसले होते. उरलं होतं ते तिने वाचायला घेतलं. तो मागच्या बाकावर टेकला. मूल दगावणं ही आईबापांच्याच चुकांची शिक्षा, असं आजोबांचं एक वाक्य आलं, आणि मधल्या रांगेतला सुतार उठून चालू लागला. त्याची मुलगी तापाने गेली होती, अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. वाक्य तोंडातून निसटल्यावर बहिणीलाही ते आठवलं. पुढचं तिने कसंबसं उरकलं.

थोरल्याने सुताराला फाटकापाशी गाठलं.

"तिच्यावर राग धरू नका, काका. वह्यांचा घोळ मी घातलाय."

"वह्यांचं मला काय कळतंय," सुतार म्हणाला. "तुझे बाबा असलं कधी बोलले नाहीत. मला वाटायचं, तुमच्या घरात तसं कुणी मानतच नाही."

बाबांनी त्या वाक्याशेजारी काय लिहिलं होतं, तेवढं त्याला सुताराला सांगायचं होतं. पण ते त्याने कधी वाचलंच नव्हतं.