निवटीचा संदर्भ

मी कळंबोलीतल्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते आणि मला चोर पकडायला फार आवडतं. म्हणजे प्रकल्पचोर. ‘परिसरातील एक सजीव’ या जीवशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी वर्गाच्या ग्रुपवर बारा वेबसाइटची यादी टाकली. प्रकल्प हातानेच लिहायचा, अशी ताकीदही दिली. शेवटी एक चौकट आखायला लावली, ‘संदर्भ, किमान तीन’. वीसपैकी पाच गुण त्या चौकटीला होते.

वह्या आल्या. रोडपालीत राहणाऱ्या चौघांच्या परिसरात पेंग्विन निघाले. एका पठ्ठ्याने सुवाच्य अक्षरात, लाल शाईने अधोरेखित करून, ‘अधिक वाचण्यासाठी येथे क्लिक करा’ हेसुद्धा उतरवलं होतं. मी प्रत्येक वहीतलं एक वाक्य नेटवर शोधायचे आणि मूळ पान सापडलं की मनातल्या मनात टाळी वाजवायचे. पण चौकटीत साइटची नावं अगदी प्रामाणिकपणे लिहिलेली असायची, त्यामुळे पाच गुण द्यावेच लागायचे. पेंग्विनवाले अठरा-अठरा गुण घेऊन गेले.

एका मुलीने मात्र निवटीवर लिहिलं होतं. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा बोटाएवढा मासा. ‘निवटीच्या बिळाला दोन तोंडं असतात. एकात हात घातला की ती दुसऱ्यातून पळते, म्हणून दुसऱ्यावर आधी पाय ठेवायचा.’ हे वाक्य मी तीन वेळा शोधलं. कुठेच सापडेना. मी इतकी वर्षं इथे राहते, पण खाडी पाहिली ती पुलावरून, रिक्षात बसून. तेव्हा मला वाटलं, ही कुठली तरी साइट आहे जी मला माहीत नाही, आणि त्याचाच जास्त राग आला. त्यात चौकटीत लिहिलेलं: ‘१. आई. २. खाडी. ३. आई.’ मी लाल पेनाने ‘थट्टा नको, खरे संदर्भ द्या’ असा शेरा मारला, वीसपैकी सहा दिले आणि पालकांना बोलावलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मुलगी आईला घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली. आई मासळी विकायला बाजारात निघालेली, ती तशीच इकडे आली होती; हातात झाकण लावलेली बादली होती.

“बाई, पोरीनं चोरून लिवलं म्हनता. कुनाचं चोरलं?”

“तेच तर सापडत नाही,” मी म्हणाले. माझ्या बोलण्यातली गंमत तेव्हा मला कळली नाही.

“मंग तुमीच बघा,” असं म्हणून तिने झाकण काढलं. एक निवटी उडाली ती थेट तपासलेल्या वह्यांवर. तिथे बसून तिने डोळे आत ओढले, बाहेर काढले आणि पेंग्विनच्या अठरा गुणांवर चिखल केला. गणिताचे सर बुटांसकट खुर्चीवर चढले. दुसरी निवटी कपाटाखाली निघाली होती. आईने एका बाजूला पाय ठेवला, दुसऱ्या बाजूने हात घातला आणि तिला बादलीत टाकलं. वहीत लिहिलं होतं अगदी तसंच.

मला लाज वाटली, आणि ती सर्वांसमोर वाटली हे बरंच झालं. मी शेरा खोडला, वीसपैकी वीस दिले आणि दोघींची माफी मागितली. आई म्हणाली, “ऱ्हाऊ द्या बाई, तुमाला नाय म्हाईत तर तुमी काय करनार?” हे तिने इतक्या मायेने म्हटलं की मला जास्तच लागलं.

मग मी मुलीला म्हणाले, “पुढचा प्रकल्पही असाच कर हं.”

तिने वही दप्तरात ठेवली. “नको बाई. पुढच्या वेळी मी नेटवरूनच उतरवीन,” ती म्हणाली. “आज आईचा बाजार बुडला.”